जखमपाटी

शीतलताईंनी नऊ माणसं आणली होती.

रक्तकेंद्राबाहेरच्या बाकांवर ती ओळीनं बसली होती. ताईंचे दोन दीर, एका दिराचा साडू, व्यायामशाळेतले तिघं, आमच्या दुकानाशेजारचे तांबोळीचाचा आणि आणखी दोघं, ज्यांची नावं ताईंनाही नीट माहीत नव्हती. सकाळचे साडेआठ वाजले होते. सोलापूरचा मार्च, बाकांचं लोखंड आत्ताच हाताला चटका देत होतं.

"घे, लिहून घे," ताई मला म्हणाल्या. "तिघं ए पॉझिटिव्ह आहेत. बाकीचे बदली म्हणून."

"ताई, बदली रक्त आता मागत नाहीत. पाच वर्षं झाली नियम बदलून."

"नियम बदलला म्हणून आई बदलली का?"

तांबोळीचाचांनी तर बाही आधीच वर सरकवून ठेवली होती. "बेटी, घे की आमचं. तुझ्या सासूनं चाळीस वर्षं आमच्या घरातल्या बायकांचे हात भरलेत."

"चाचा, तुमचं वय काय?"

"बाहत्तर."

"पासष्टच्या पुढं घेत नाहीत."

"आधी असं काही विचारत नव्हते," चाचा नाराज होऊन म्हणाले आणि बाही तशीच वर ठेवून बसले.

शीतलताई माझ्या नणंद, माझा नवरा प्रथमेश याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. "हे बघ, तू इथं कामाला आहेस म्हणून मी गप्प बसले. पण आज आईच्या पोटात सुई घालणार, आणि तू म्हणतेस रक्त द्यायचं नाही. तुमच्या त्या पाटीला आई आहे का?"

मी त्यांना पाणी आणून दिलं आणि वर गेले.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, वैजयंता रासने. जातीच्या कासारीण. मधल्या मारुतीजवळ त्यांचं बांगड्यांचं दुकान. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात दारूचा थेंब नाही, तरी यकृत दगडासारखं झालेलं. साखर आणि चरबी यांनी वीस वर्षं आतल्या आत केलेलं ते काम. लोक हळूच विचारतात, "लिव्हर? पण त्या तर..." तेव्हा आई स्वतःच सांगतात, "होय की, रोज रात्री बांगड्यांच्या पेटीत बाटली लपवते."

त्या कडक यकृतात आता एक गाठ आली होती. गेल्या महिन्यात चोवीस मिलिमीटर, या महिन्यात अठ्ठावीस. बारीक सुई आत घालून, टोक तापवून ती गाठ जागच्या जागी जाळता येते, पण साधारण तीस मिलिमीटरपर्यंतच खात्रीनं. जाळण्याचं यंत्र आमच्याकडे फिरतीवर येतं, महिन्यातून एकदा. ते आज आलं होतं. आईंची वेळ दुपारी बाराची होती. आज चुकलं तर पुढच्या महिन्यात गाठ तिशी ओलांडून गेलेली असणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

प्रश्न एवढाच होता, की सुई घालण्याआधी आईंना रक्ताच्या पिशव्या द्यायच्या की नाही.

यकृत हा एक कारखाना आहे. रक्त गोठवणारी प्रथिनं तिथं बनतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. रक्ताला गोठू न देणारी प्रथिनंही तिथंच बनतात, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. यकृत बिघडलं की दोन्ही कमी होतात. तराजूच्या दोन्ही पारड्यांतलं वजन उतरतं आणि काटा पुष्कळदा मधेच राहतो. जुनी तपासणी एकाच पारड्याकडे बघते. तिचा आयएनआर नावाचा आकडा निरोगी माणसात एक असतो, आईंचा होता दोन पूर्णांक चार. प्लेटलेट दीड लाखाच्या वर हव्यात, आईंच्या होत्या बेचाळीस हजार. असे आकडे बघितले की कुणाचाही जीव घाबरा होतो. डॉक्टरांच्या दोन पिढ्या हे आकडे बघून सुईला हात लावायच्या आधी प्लाझ्मा, म्हणजे ही प्रथिनं असलेलं रक्तातलं पाणी, चढवत आल्या. चार पिशव्या, सहा पिशव्या. आकडा थोडा खाली यायचा, सगळ्यांना बरं वाटायचं.

पण एक पिशवी म्हणजे जवळपास पाव लिटर. कडक यकृतातून रक्त पुढं सरकत नाही, ते मागच्या शिरांत तुंबतं. अन्ननलिकेतल्या शिरा फुगून टम्म झालेल्या असतात. त्यात आणखी लिटरभर ओतायचं, तेही गरज नसताना, म्हणजे ज्या रक्तस्रावाला भ्यायचं त्यालाच आवतण.

मला हे रेवामुळं जास्त कळलं. माझी लेक, आठ महिन्यांची. बाटलीवर रेघा असतात, वयाप्रमाणे किती द्यायचं ते छापलेलं असतं. पण तिला किती हवं ते रेघेला कळत नाही. तिच्या ओठांकडे बघावं लागतं.

जखमपाटी म्हणजे हे बघणंच. नखाएवढी पारदर्शक चकती, तिच्यात केसासारखे सहा मार्ग. या मार्गांना आतून रुग्णाच्याच पेशींचं अस्तर असतं. महिनाभर आधी हातावरून त्वचेचा कण घेऊन त्यापासून रक्तवाहिनीच्या पेशी वाढवतात. त्यातून रुग्णाचं ताजं रक्त, शरीरात वाहतं त्याच वेगानं सोडायचं. मग एक किरण प्रत्येक मार्गाच्या भिंतीला जखम करतो आणि पडद्यावर दिसतं, गुठळी धरते का, किती वेळात धरते, प्रवाहात टिकते का. बावीस मिनिटं लागतात. माणसाला होणारी जखम आधी माणसाबाहेर करून बघायची. पाटी हिरवी तर पिशवी नाही. लाल असेल तर काय कमी आहे तेवढंच द्यायचं.

उन्हाळे लांबले, फेब्रुवारी ते जुलै रक्तदान शिबिरं भरेनाशी झाली, तेव्हा सरकारनं पाटीचा नियम केला. आमच्या यकृत विभागात पाटी लावायचं आणि तिच्यावर सही करायचं काम माझं. घरच्या माणसाची मी करू का, असं मी डॉक्टर बिराजदारांना विचारलं होतं. ते म्हणाले, "यंत्राला सासू कळत नाही. तूच कर. तू दोनदा बघशील."

आठवड्यापूर्वी आईंची पाटी हिरवी आली होती. मी सही केली. त्या दिवसापासून ताई माझ्याशी जेवणापुरतं बोलत होत्या.

त्यांना दोष तरी कसा देऊ? दीड वर्षापूर्वी आईंची एक दाढ काढायची होती. जिथं दाखवलं तिथं पाटी पोचली नव्हती. आकडा बघून चार पिशव्या प्लाझ्मा चढवला. त्याच संध्याकाळी आईंनी बेसिन भरून रक्ताची उलटी केली. पिशव्यांमुळं झालं की होणारच होतं, हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही. मला वाटतं, चार जास्त झाल्या. ताईंना वाटतं, चार कमी पडल्या. त्या संध्याकाळी आईंचं डोकं ताईंच्या मांडीवर होतं, माझ्या नाही.

पावणेदहाला वॉर्डातल्या गुरव सिस्टरनी नमुना पाठवला. सुईच्या दिवशी पाटी पुन्हा लावायचीच असते. मी चकती बसवली, रक्त सोडलं, किरणानं जखमा केल्या.

पहिल्या मार्गात गुठळी धरली आणि वाहून गेली. दुसऱ्यात धरलीच नाही. तिसऱ्या, चौथ्या मार्गात जाळं धरू लागायचं आणि सुटायचं. पडद्यावर सहा जखमा उघड्या वाहत होत्या. पाटी लाल झाली, खाली यंत्रानं लिहिलं: प्लाझ्मा सहा, प्लेटलेट एक, रक्तपेशी दोन.

मी खुर्चीवरून उठले आणि पुन्हा बसले.

यंत्राचा निकाल डॉक्टरांकडे आपोआप जातो. त्यांचा लगेच फोन आला. "ऋतुजा, बघितलंस? आठवड्यात एवढं? आत कुठंतरी रक्त जातंय. सहा पिशव्या वितळवायला सांग. साडेअकराच्या आत चार चढल्या तर बारा वाजता गाठीचं बघता येईल."

"सर, मी एकदा..."

"सही कर आणि खाली कळव."

प्लाझ्मा गोठवून ठेवलेला असतो. वितळवायला अर्धा तास लागतो आणि एकदा वितळला की तो वापरावाच लागतो, नाहीतर टाकावा लागतो. रक्तकेंद्रातून विचारणा आली, टाकू का पाण्यात? मी "थांबा" म्हणाले.

कारण पडद्यावर काहीतरी खटकत होतं. हजार वेळा बघितलेलं दृश्य आहे ते. मार्गातून तांबड्या पेशी कशा दाटीवाटीनं जातात, जत्रेतून माणसं बाहेर पडावीत तशा. इथं त्या सुट्या सुट्या जात होत्या. मधे मोकळी जागा होती. आतल्या आत रक्त गेलं तर असं दिसू शकतं. पण आणखीही एका कारणानं दिसू शकतं.

मी नळीत उरलेलं रक्त घेतलं. विभागात साखर बघायचं साधं यंत्र असतं, पन्नास वर्षं जुन्या पद्धतीचं, पट्टीवर थेंब ठेवायचा ते. थेंब ठेवला. यंत्रानं आकडा दाखवलाच नाही. "मर्यादेबाहेर" एवढंच लिहिलं. म्हणजे सहाशेच्या वर.

ते यंत्र हातात घेऊन मी पळत वॉर्डात गेले.

आई पलंगावर टेकून बसल्या होत्या. ताई पायाशी होत्या. लाल पाटीची बातमी माझ्या आधी पोचली होती.

"बघ!" ताई उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा एकाच वेळी जिंकलेला आणि घाबरलेला होता. "सांगत होते ना? मशीनलाही पटलं. मी खाली सांगून आले पोरांना, तयार राहा म्हणून."

"एक मिनिट, ताई. आई, बोट द्या."

बोटाला टोचलं, थेंब पट्टीवर ठेवला. एकशे चौदा. नाडी बघितली. शहात्तर. हात कोमट, कोरडा.

"काय गं, किती मार्क पडले?" आईंनी विचारलं.

मी गुरव सिस्टरना हाक मारली. त्या आल्या. चांगल्या आहेत त्या, सात वर्षं या वॉर्डात आहेत. "सिस्टर, नमुना कुठल्या हातातून घेतला?"

सिस्टरनी आईंच्या उजव्या हाताकडे बघितलं. त्या हातात ग्लुकोजची बाटली चालू होती. आई सकाळपासून उपाशी होत्या म्हणून लावलेली. "ड्रिप बंद केली होती मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दोन मिनिटं. दुसरा हात... मॅडम, तुम्हीच बघा."

डाव्या हातात चुडा होता. हिरव्यागार काचेच्या अकरा बांगड्या. काल संध्याकाळी ताईंनी तुळजापूरच्या देवीला नवस बोलून आईंच्या हातात भरलेल्या. उजव्या हातातल्या ड्रिपसाठी सकाळीच उतरवल्या होत्या, तेव्हाच ताईंचा जीव वर-खाली झाला होता. डाव्या हातावर रात्रीतून सूज चढली आणि बांगड्या मनगटात रुतल्या. आईंच्या दोन्ही कोपरातल्या शिरा वर्षानुवर्षं टोचून दोरीसारख्या झालेल्या. डाव्या हातात एकच शीर धड उरली होती, मनगटाच्या वर अंगठ्याच्या बाजूची, नेमकी त्या बांगड्यांखाली.

"सवाष्णीचा चुडा, तोही देवीचा," सिस्टर म्हणाल्या. "सुई घालण्याच्या दिवशी कसा फोडायचा? मला हात लावायचा धीर झाला नाही."

मी त्यांच्यावर रागावू शकले नाही. त्यांच्या जागी माझी आई असती तर तिनंही हेच केलं असतं.

"ताई," मी म्हणाले, "ते रक्त आईंचं नव्हतं. अर्धं ग्लुकोजचं पाणी होतं. बघा, नळीतली साखर यंत्राला मोजता येत नाही आणि बोटातली एकशे चौदा. पाटीनं पाण्याला जखम केली. ती कशी भरणार? मला डाव्या हातातून ताजा नमुना हवाय. चुडा काढावा लागेल."

ताईंचा आवाज चढला. "मशीन हिरवं दाखवतं तेव्हा मशीन खरं. लाल दाखवतं तेव्हा खोटं. तुला नेमकं काय हवंय, ऋतुजा? आईला मारायचंय का?"

वॉर्डातली शेजारची बाई उठून बसली. मला रडू आलं नाही. का कोण जाणे, उलट सगळं फार स्वच्छ दिसायला लागलं.

"मला खरं काय ते हवंय," मी म्हणाले. "खरंच लाल असेल तर मी स्वतः पिशव्या उचलून आणीन. पण पाण्याच्या निकालावर आईंच्या अंगात दीड लिटर ओतू देणार नाही. त्या दाढेच्या वेळी काय झालं ते तुम्ही बघितलंय. मी फक्त ऐकलंय. तुम्हीच सांगा, परत बघवेल?"

तेवढ्यात डॉक्टर बिराजदार आत आले. सही झाली नाही म्हणून चिडून आले होते. मी दोन्ही आकडे समोर धरले. त्यांनी बाटलीकडे बघितलं, हाताकडे बघितलं, आईंची नाडी स्वतः मोजली, पोट चाचपलं.

"पटतंय," ते म्हणाले. "पण मी पैज लावू शकत नाही. सव्वादहा झालेत. साडेदहापर्यंत नमुना मशीनमध्ये हवा. नाहीतर मी लाल धरून चालणार, किंवा आजचं रद्द करणार. आणि या पंधरा मिनिटांत यांनी रक्त ओकलं, तर वेळ दवडलास तो तू. कळलं?"

"कळलं, सर."

"कात्री आणा," सिस्टर म्हणाल्या. "फडक्यात गुंडाळून फोडू."

"कोण फोडतंय?"

आई इतका वेळ ऐकत होत्या. आता त्या सरळ बसल्या. "चाळीस वर्षं कासारीण आहे मी. माझ्या हातातल्या बांगड्या कात्रीनं काढायच्या? बाहेर कळलं तर दुकानात कोण येईल? शीतल, इकडं ये."

"आई, देवीला बोललेय मी..."

"देवीला मी समजावते. तिच्याशी माझी तुझ्याआधीची ओळख आहे. साबण आण. आणि ती पातळ पिशवी, औषधाची. ये लवकर."

ताई लग्नाआधी दुकानातच वाढलेल्या. बाविसाव्या वर्षी सासरी गेल्यापासून मात्र, कालचा चुडा सोडला तर, त्यांनी कुणाचा हात भरला नव्हता. त्या पलंगाजवळ आल्या तेव्हा त्यांची बोटं थरथरत होती.

"हात आधी वर धर. उशीवर. सूज उतरू दे जरा. आता पिशवी घाल हातावर, तिच्यावर साबण. अंगठ्याखालचा गड्डा आत दाब. आत, पोरी, आत. ओढू नकोस, बांगडीला फिरवत आण. ती आपसूक वाट काढते."

पहिली बांगडी आली. दुसरी आली. आम्ही तिघं उभे राहून बघत होतो, डॉक्टरसुद्धा. तिसरी, चौथी. ताईंच्या कपाळावर घाम आला, पण बोटांची थरथर थांबली. हाताला काम मिळालं की माणसाचा चेहरा बदलतो. बाहेरच्या त्या नऊ माणसांचं मला तेव्हा कळलं. घरचं माणूस इस्पितळात असलं की नातेवाइकांना करण्यासारखं काहीच नसतं. दंड पुढं करणं तेवढंच होतं, तेही आमच्या पाटीनं काढून घेतलं होतं.

आठवी बांगडी वाढली. काडकन आवाज झाला आणि ताई जागच्या जागी थिजल्या. काचेनं पिशवी फाटली होती. आईंच्या मनगटावर बोटभर ओरखडा आला, त्यातून रक्ताची रेघ उतरली.

"आई!"

"दुकानात रोज चार वाढतात. पुढची काढ."

"रक्त येतंय..."

"दिसतंय मला. पुढची काढ म्हटलं ना."

मी ओरखड्यावर कापूस धरणार होते. आईंनी मानेनंच नको म्हटलं. ताईंनी नववी काढली, दहावी काढली. त्यांचे डोळे राहून राहून त्या रेघेकडे जात होते. रेघ मनगटाच्या कडेपर्यंत आली, तिथं एक थेंब फुगला, गडद झाला आणि लोंबत राहिला. पडला नाही. अकरावी बांगडी निघाली तेव्हा ओरखड्याच्या तोंडाशी काळपट तांबडी साय धरली होती.

कातडीवरचा ओरखडा थांबला म्हणजे यकृतातली जखम थांबेल असं नाही. हे मला माहीत होतं, डॉक्टरांनाही. पण ताईंनी ते बघितलं. वाकून, जवळून, बराच वेळ बघितलं.

मी शीर शोधली, सुई घातली. या वेळी नळीत उतरलेलं रक्त दाट होतं. दहा वाजून एकोणतीस मिनिटं झाली होती.

बावीस मिनिटं. खाली पाळणाघरात रेवा भुकेली होती, प्रथमेशचे तीन फोन येऊन गेले होते. चकती बसवून मी प्रथमेशला तिला वर आणायला सांगितलं. पडद्यासमोरच्या खुर्चीत बसून तिला पदराखाली घेतलं. ताई दारात उभ्या होत्या.

"आत येऊ?"

"या."

त्या माझ्या मागं उभ्या राहिल्या. पडद्यावर पेशी दाटीवाटीनं निघाल्या. किरणानं पहिली जखम केली. मला एका हातानं बटणं दाबता येईनात, तेव्हा ताईंनी न विचारता रेवाचं डोकं सावरून धरलं.

"हे काय, जाळं?"

"हो. हे धरलं बघा. आता प्रवाह वाढवायचा. टिकतंय का बघू."

टिकलं. दुसरं टिकलं. तिसरं जरा उशिरा, पण धरलं. चौथ्यात कडा विस्कटली आणि पुन्हा भरून आली. अकराला सात मिनिटं कमी असताना पाटी हिरवी झाली. एक मार्ग मात्र पिवळा राहिला. अगदी निर्मळ हिरवी असती तर मला सोपं गेलं असतं.

डॉक्टरांनी पिवळ्या मार्गाकडे बराच वेळ बघितलं. "प्लेटलेट काठावर आहेत. एक पिशवी प्लेटलेट शेजारी तयार ठेवू. लावायची नाही, नुसती ठेवायची. प्लाझ्मा नाही. घरच्यांचं काय म्हणणं आहे?"

रक्त न देता सुई घालायची तर नातेवाइकाची संमती लागते. प्रथमेश पुढं आला, तेव्हा ताईंनी त्याच्या हातातून पेन घेतलं. कागद पूर्ण वाचला. एका शब्दावर बोट ठेवून मला अर्थ विचारला. मग सही केली, शीतल महेश दगडे, मोठ्या अक्षरांत. नंतर खाली जाऊन त्यांनी नऊ जणांना घरी पाठवलं. चाचांची बाही त्यांनी स्वतः खाली केली म्हणे.

बाराला दहा मिनिटं असताना आईंना आत नेलं. सुई फासळ्यांमधून गेली. गाठ जळायला चौदा मिनिटं लागली. मला आत जायची परवानगी होती, पण मी काचेबाहेरच उभी राहिले. हिरव्या पाटीवर सही करणाऱ्या माणसानं सुई घालणाऱ्याच्या हाताशी उभं राहू नये.

खरी परीक्षा त्यानंतर होती. सुई निघाल्यावर रुग्णानं चार तास उजव्या कुशीवर निजायचं, म्हणजे यकृत स्वतःच्या वजनानं त्या छिद्रावर दाबून राहतं. हलायचं नाही, वळायचं नाही. आतून रक्त जायला लागलं तर ते याच चार तासांत. दर पंधरा मिनिटांनी नाडी, दाब, पोट.

"मी बसते," ताई म्हणाल्या. "काय बघायचं ते सांग."

मी सांगितलं. नाडी शंभरावर गेली, ओठ पांढरे पडले, खांद्यात कळ आली, तर लगेच हाक मारायची. त्यांनी आईंच्या पाठीला आधार दिला आणि मनगट धरलं. पहिल्या तासात चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी. दुसऱ्या तासात एकदा चौऱ्याण्णव झाली. ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी शेजारच्या टेबलावरच्या प्लेटलेटच्या पिशवीकडे बघितलं. यंत्र तिला हलकेच झुलवत होतं. मी आईंच्या पोटावर हात ठेवला. मऊ होतं. "थांबू," मी म्हणाले. हा शब्द उच्चारायला मला किती जोर लावावा लागला, ते मलाच ठाऊक. पंधरा मिनिटांनी अठ्ठ्याऐंशी. मग ऐंशी.

तिसऱ्या तासाला आईंनी डोळे उघडले. "ऋतुजा."

"काय, आई?"

"दुसऱ्या वेळीही लाल आली असती तर?"

"तर पिशव्या लावल्या असत्या. मीच."

"आणि शीतलनं बांगड्या काढल्या नसत्या तर?"

मी ताईंकडे बघितलं. त्या नाडी मोजत होत्या, ओठ हलत होते, मधे बोलता येत नव्हतं.

"तर मी फोडल्या असत्या," मी म्हणाले. "तुम्ही आयुष्यभर बोलला नसतात तरी."

आई हसल्या आणि लगेच फासळीला हात लावून थांबल्या. "हसवू नका गं. अंग आखडलंय नुसतं. एक कूस म्हणजे शिक्षा आहे."

सव्वाचारला डॉक्टर सोनोग्राफीचं यंत्र घेऊन आले. पोटावर थंड जेल लावलं, यकृताच्या कडेनं, फासळ्यांखाली, खाली ओटीपोटापर्यंत हळूहळू फिरवलं. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, पडद्याकडे नाही. त्यांनी पुन्हा एकदा फिरवलं. मग यंत्र पुसायला घेतलं.

"कोरडं आहे," ते म्हणाले. "प्लेटलेटची पिशवी परत पाठव. कुणाच्या तरी कामी येईल."

ताईंनी मनगट सोडलं नाही. "म्हणजे झालं?"

"आजचं झालं. महिन्यानं परत गाठ बघू."

आईंनी मान वर केली. "डॉक्टर, ते महिन्याचं महिन्यानं. आता वळू का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी ताईंकडे बघितलं.

ताईंनी एक हात आईंच्या मानेखाली घातला, एक कमरेखाली. "वळ," त्या म्हणाल्या. "सावकाश. मी धरलंय."